पिंजऱ्याचं माप

वेंडोव्हर,
९ फेब्रुवारी १९८८

चि. जॅनेल हिला आजी आर्विलाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, मोजे पोचले. मोजे मोठे आहेत म्हणून एकावर एक घालते. मिठाच्या मैदानावर सध्या घोटाभर पाणी आहे. शेजारच्या लाव्हॉनचा ट्रक खालून इतका गंजलाय की काल त्याची पायरी तिच्या पायाबरोबरच खाली आली. ती म्हणते, मीठ आधी गाडी खातं, मग माणूस. बाई तोंडाची तिखट, पण खोटं बोलत नाही.

आता एक गुपित. तुझ्या बापाला कळू देऊ नकोस.

गेल्या ऑगस्टात त्यानं, माझ्या डेलनं, मिठावरच्या शर्यतीत ताशी दोनशे नव्वद मैलांवर सात कोलांट्या खाल्ल्या. गाडीचे तुकडे अर्ध्या मैलावरून वेचले, दोन्ही घोटे मोडले, दोन आठवडे मी त्याच्या कानातून मीठ काढत होते. आणि हा आता काठी टेकत नवी गाडी बांधतोय. वारा आडवा लागला म्हणे, गाडीची चूक नव्हती. टायर फुटून तुझे आजोबा तिथेच गेले, तेही टायरची चूक नव्हती असंच म्हणाले असते, पण त्यांना बोलायला वेळ मिळाला नाही. डेल तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आता भांडायचं त्राण नाही, म्हणून खाऊ घालते. चालकाभोवतीचा लोखंडी नळ्यांचा पिंजरा त्यानं जानेवारीत स्वतःच्या अंगाला बेतून जोडलाय, बोटभर जागा जास्त नाही. आणि शर्यतीच्या तपासनिसांचा नियम तुला ठाऊक आहे. हेल्मेट, पट्टे, सगळं घालून बसायचं आणि कुणाचा हात न लागता झटकन बाहेर यायचं. नाही जमलं तर गाडी मिठावर उतरूच देत नाहीत. तेव्हा सकाळी सफरचंदाची पाई, दुपारी साय घातलेले बटाटे, रविवारी नेवाड्याच्या हद्दीतल्या हॉटेलात एकाच पैशात हवं तेवढं जेवण. एकशे सत्तर पौंडांचा होता, आज एकशे ब्याण्णव भरला. मला म्हणतो, आई, तुझ्या हाताला हल्ली फार चव आलीय. मी म्हटलं, खा राजा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

ऑग्डेन,
२७ फेब्रुवारी

ती. आजीस जॅनेलचा सा. न. वि. वि.

पत्र कारखान्यात लेथपाशी उभं राहून वाचलं आणि इतकी हसले की मुकादम विचारत आला, घरी लग्न ठरलं का.

बाबा रोज फोन करतो. हा आस इतका जाड हवा, तो दांडा इतका. मी ते कातून बसनं पाठवते, हे तुला ठाऊक आहेच, रागावू नकोस. तिसरा हिवाळा मी त्याचे भाग कातते आहे. पण तो आत बसावा असं मलाही वाटत नाही. इस्पितळात त्याचे बूट कापून काढले तेव्हा मी पाय धरून उभी होते.

पिंजरा तो मोठा करणार नाही, याची मी खात्री देते. एकदा कापलेल्या जोडावर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही, हे त्यानंच मला शिकवलंय. तू त्याला खुशाल वाढ. मला मात्र पाई पाठवू नकोस, मी गोड सोडलंय.

तुझी लाडाची,
जॅनेल

वेंडोव्हर,
२० जून

चि. जॅनेल हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

जमलं गं पोरी. शनिवारी अंगणात परीक्षा झाली. घड्याळ माझ्या हातात. डेल आत कसाबसा गेला, पट्टे ओढले, मी म्हटलं, नीघ. खांदे आले, कंबर काही येईना. आधी हसला, मग शिव्या घातल्या. लाव्हॉन कुंपणावरून विचारते, साबण आणू का, की लोणीच आणू? शेवटी तिनं आणि मी काखेत हात घालून उपसला. वजन दोनशे चौदा. ओट्यावर बसून म्हणाला, आई, तू हे मुद्दाम केलंस. मी म्हटलं, हो, केलं. पाईचा तुकडा तसाच ठेवून गेला.

त्याचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी भांडी घासताना गाणं म्हटलं. अडतीस वर्षं ऑगस्ट आला की मी मिठावर जाते. तिथे बघायला असतं काय? गाडी जाते, ठिपका होते, मग ठिपकाही नसतो. आपण नुसतं लाउडस्पीकरकडे कान देऊन उभं राहायचं. माणूस आपटला तर स्पीकर गप्प होतो. त्या गप्पपणात उभं राहून राहून मी थकले. यंदा शर्यतीच्या आठवड्यात घरी पडदे धुणार आहे.

तूही ये, आणि येताना भूक घेऊन ये.
तुझी आजी

ऑग्डेन,
२ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

गाडी यंदा मिठावर जाणार आहे. मी चालवणार आहे. बाबानं विचारलं नाही, मीच त्याला म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, खांद्याचं माप पाठव. पिंजरा मला बरोबर बसतो, खांद्यापाशी थोडी गादी भरावी लागेल. त्या गाडीतला प्रत्येक फिरणारा भाग माझ्या हातचा आहे, आजी. तो कसा धावतो हे मला आतून बघायचंय.

नवख्यांना एकदम वेग देत नाहीत. यंदा सव्वाशे, मग दीडशे मैल, पुढची पायरी पुढच्या वेळी.

माझे पट्टे आवळणं बाबाला जमायचं नाही, असं तोच म्हणाला. तू येशील का?

रागावलीस तरी उत्तर दे.
जॅनेल

वेंडोव्हर,
११ जुलै

चि. जॅनेल हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र चार दिवस टेबलावर होतं. एकाला बाहेर ठेवायच्या नादात आत कोण मावेल हे मी पाहिलंच नाही. तुला ते दिसत होतं, म्हणून गोड सोडलंस. तुलाही खाऊ घालून जाड केलं असतं, पण पाच आठवडे पुरायचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर आता स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहावत नाही.

दीडशे मैल म्हणतेस. तुझे आजोबा गेले तेव्हा दीडशेच्या आतच होते.

मी येईन. तुझ्या आजोबांचे पट्टे मी कधी आवळले नाहीत, डेलचेही नाहीत. ती वेळ आली की मी पाठ फिरवून पाण्याचे डबे मोजत राहायची. तुझे आवळीन. दुखतील इतके आवळीन, कुरकुर करू नकोस. मग गाडीला सुरुवातीला मागून ढकलणाऱ्या ट्रकमध्ये डेलच्या शेजारी बसेन, तिथे वायरलेसवर तुझा आवाज येईल. गाडी थांबली की वेग किती झाला ते मला सांगू नकोस, ते डेलला सांग. तू आधी विचार, जेवायला काय आहे. मी ऐकत असेन.

तुझी,
आजी