चार प्लग आणि एक खुडूक कोंबडी

७ ऑक्टोबर १९८८, शुक्रवार

वही, माफी असावी. पोळ्यापासून एक ओळ लिहिली नाही. कारणं तीन. पाऊस, प्रकृती आणि पेन. पेन सापडलं आहे. आता रोज लिहीन.

विषय गंभीर. लेकीला, सत्यशीलाला, आठवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे लग्नातच ठरलेलं. पण तिचे सासरे, आमचे इवाई देवाजी, यांचं मार्कंड्याहून कार्ड आलं. लिहितात, एसटीच्या धक्क्यात सून पाठवत नाई. तुमच्या घरी मोटार हाये म्हणता, तं दसऱ्याले मोटार आणा अन् घेऊन जा.

'म्हणता' हा शब्द मला लागला. म्हणता म्हणजे काय? आहे. अँबेसेडर आहे. लाकडाच्या ठेकेदाराकडून घेतली, गोठ्यात उभी आहे, कागद माझ्या नावावर आहेत. फक्त सुरू होत नाही.

मूल गावचा मिस्त्री येऊन पाहून गेला. म्हणाला, प्लग गेले. चार नवे आणून दिले. बसवायला उद्या येतो म्हणाला, मी नको म्हटलं. जन्म तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं मोजून घ्यायच्या जागी, मुंशी म्हणून गेला. लाखो पुडके हाताखालून गेले. त्या माणसाला चार प्लग जड?

ठराव: उद्या सकाळी काम संपवणे.

८ ऑक्टोबर

काम सुरू झालं नाही. माझा दोष नाही. मागच्या सीटवर तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे. आमच्या कुटुंबानं, मनकर्णानं, पोरीसाठी नवी गोधडी शिवून तिथे अंथरली होती, बरोबर तिच्यावरच. अंडी दहा-बारा तरी असावीत. हात घातला तर चोच मारली.

कुटुंबाचं म्हणणं, इंजिन पुढं हाय, कोंबडी मागं हाय, तुमचं काय अडते? तिला यंत्रातलं कळत नाही. बोनेट आपटलं की अंडी हादरतात. त्यावर ती म्हणाली, कोंबडीचं बाळंतपण तुमच्या मोटारीत होऊन राह्यलं, पोरीचं काऊन नाई होत?  

११ ऑक्टोबर

वारलूकडून पाना आणला. वारलू शेजारी. त्याच्याकडे राजदूत मोटारसायकल आहे, म्हणून गावात त्याला उगाच मान. पाना देताना न विचारता सांगू लागला. भाऊ, एक प्लग काढजो, तिथंच नवा लावजो, त्याची वायर त्यालेच देजो. मंग दुसरा. सगळे संगट काढशान तं कोनाची वायर कोनाले, समजनार नाई.

वारलूचं शिक्षण दुसरी. माझं चौथी. फळीवर आधी सगळा माल पसरतात, मग हिशेब. तीच पद्धत ठेवणार.

आज मंगळवार. मंगळवारी लोखंडाला हात लावत नाही. ही सवय आजपासून.

१४ ऑक्टोबर

नवीन अडचण. प्लगच्या टोकाशी बारीक फट असते. मिस्त्री म्हणाला होता, पोस्टकार्डाच्या दोन-तीन घड्यांएवढी ठेवा. घरात एकच कार्ड आहे, देवाजीचं. त्याचं कार्ड माझ्या इंजिनात घालणार नाही.

तेंदूचं पान वापरलं. पानाची जाडी माझ्याइतकी जिल्ह्यात कोणाला कळत नाही. पण मनात शंका आली. हे पान उन्हाळ्यातलं, वाळलेलं. इंजिन गरम झाल्यावर आणखी वाळेल का? पान इंजिनात जाणार नाही हे तासाभरानं लक्षात आलं. तोवर चारही प्लगांची फट चार वेळा बदलून झाली होती. शेवटी होती तशी केली असावी.

डोकं दुखतं. दसऱ्याला सहा दिवस. भरपूर.

१७ ऑक्टोबर

मोठा दिवस. चारही वायरी ओढल्या, चारही जुने प्लग काढले. तिसरा निघेना. पान्यावर उभा राहिलो. निघाला, मीही पडलो. बोटांची सालं गेली, पण विजय आहे.

वायरींचा घोळ होईल म्हणणाऱ्या वारलूनं येऊन पाहावं. देवघरातून कुंकू आणलं. पहिल्या वायरीला एक ठिपका, दुसरीला दोन, असे चार. इंजिनावरही तसेच. असं डोकं त्या मिस्त्रीकडे नसेल.

नवे प्लग आजच लावले असते, पण बोटं सुजली. परवा लावीन. घाईनं कामं बिघडतात.

देवाजीला उत्तराचं कार्ड टाकलं. लिहिलं, मोटार तयार आहे, सुनेला तयार ठेवा.

१९ ऑक्टोबर, खांडे नवमी

घात झाला.

सकाळी आंघोळ करून गोठ्यात आलो. मनकर्णानं कोयता, विळा, कुऱ्हाड, जातं, सगळ्यांची पूजा मांडली होती. मोटारीचीही. आधी ओल्या फडक्यानं इंजिन पुसलं. एरवी वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही. मग सगळ्या वायरींना भरपूर हळदकुंकू. चारही वायरी लालभडक, एकसारख्या. बोनेटवर झेंडूची माळ.

माझे ठिपके कुठी गेले, असं विचारलं. म्हणाली, ते तुमचे होते का? मले वाटलं तुमी पूजा अर्धी करून सोडली.

नवे प्लग आणि पाना पाटावर, त्यावर तांदूळ, फूल. उचलायला गेलो तर हातावर चापट. नवमीले हत्यार हलवता? पोरगी सुखरूप याव म्हनून मांडलं मी, अन् तुमाले आजच काम सुचते? बारा दिवस काय करत होता?

बारा दिवस काय करत होतो हे या वहीत लिहिलेलं आहे. तिला वाचता येत नाही, हे एका परीनं बरं.

दिवसभर पाटासमोर बसलो. प्लग माझ्याकडे पाहत होते. कोंबडीच्या कपाळालाही हळदकुंकू आहे. मनकर्णाला तिनं चोच मारली नाही.

२० ऑक्टोबर, दसरा

पहाटे प्लग बसवले. छान बसले. वायरी अंदाजानं लावल्या. अंदाज माझा सहसा चुकत नाही.

किल्ली फिरवली. खोकली. वायरी बदलल्या. शिंकली. पुन्हा बदलल्या. मागच्या नळीतून असा बार उडाला की झेंडूची माळ अंगणात पडली आणि वारलू, जो सोनं द्यायला आला होता, आपट्याची पानं टाकून बांधावर पळाला. कोंबडी जागची हलली नाही.

वारलू परत येऊन म्हणाला, बाजूले सर भाऊ, मी लावून देतो, दहा मिनिटाचं काम हाय. सणाच्या दिवशी घरी आलेल्या माणसाकडून काम करून घेणं शोभत नाही. नको म्हटलं. आणखी दोन-तीन वेळा बदलल्या. मग किल्लीला आवाजच येईना. बॅटरी बसली.

मनकर्णा लुगडं नेसून, डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी बांधून उभी होती.  मागचं दार उघडून कोंबडीशेजारी जाऊन बसली.

मी सगळ्यांना हाक दिली. धक्का दिला तर सुरू होते, हे ऐकून आहे. सोनं वाटायला निघालेलं सगळं गाव मागे लागलं. मी स्टिअरिंगवर. उतार आला, चढ आला, मारुती आला, शाळा आली. मोटार चालत होती, इंजिन तेवढं चालत नव्हतं. थेट एसटी स्टँडपर्यंत आलो.

तिथे मार्कंड्याच्या वाटेची, गडचिरोलीकडची एसटी उभी होती. मनकर्णा उतरली.

कंडक्टर हसून म्हणाला, मावशी, मोटार सोडून एसटीनं? ही म्हणाली, मोटार इथवरच्यासाठीच हाय जी.

मग खिडकीतून मला म्हणाली, पोरगी येत नाई तं मीच जातो तिच्याकडं. बाळंतपण तिथंच करतो. इवायापुढं काय तोंड दाखवाव ते मी पाहीन. तुमी कोंबडी सांभाळा.

एसटी गेली. बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, तर माहेरच सासरी गेलं. तरी स्टँडपर्यंत ती मोटारीनं गेली, याची नोंद असावी.

२१ ऑक्टोबर

मोटार स्टँडवरच आहे. परत ढकलायला कोणी येत नाही. काल सण होता, आज धानाचं काम आहे म्हणतात. एकटी सोडता येत नाही, म्हणून मी तिच्यातच बसतो. कोंबडीला तांदूळ, पाणी इथेच.

देवाजीशी मोटारीवरून वाद नको म्हणून मी मार्कंड्याला गेलो नाही. शिवाय मोटारीला माणूस हवा.

२४ ऑक्टोबर

तिकडून येणारी प्रत्येक गाडी थांबली की उठून पाहतो. निरोप नाही. लोक एसटीची वाट पाहत बोनेटवर बसतात. कोणी विचारलं तर सांगतो, एक पार्ट यायचा आहे.

वारलू आला होता. वायरी लावू का म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानं लावल्या. मग म्हणाला, भाऊ, आता बॅटरी चार्जिंगले न्या लागते.  बिडी दिली त्यानं.

२८ ऑक्टोबर, सकाळ

गोधडीवर पिल्लं निघाली. बहुतेक सगळी. कोंबडी ठीक आहे. तिला मी बाजरी दिली, आणि पोरीसाठी ठेवलेल्या गुळातला खडा. खाल्ला नाही.

इथलं बाळंतपण सुखरूप झालं. तिथलं काहीच कळलं नाही.

मनकर्णा, ही वही तुझ्यापर्यंत जात नाही, आणि तू लिहीत नाहीस, मला माहीत आहे. देवाजींना लिहायला सांग. मोटारीबद्दल त्यांना जे लिहायचं ते लिहू दे, वर, मोठ्या अक्षरात. खाली एक ओळ असू दे, सत्यशीला कशी आहे. नाहीतर कंडक्टरजवळ नुसता तोंडी निरोप दे. पण लवकर दे. त्याला मला शोधावं लागणार नाही. गाडी जिथे थांबते, तिथेच समोर मी बसलो आहे.