रविवारी बंद असलेलं काचघर

सोमवार, २ एप्रिल १९७३

पोचले एकदाची! लख्ख ऊन, समुद्राकडचा वारा आणि मांडीवरच्या खोक्यात दहा हजार गांधीलमाश्या. बसमधल्या शेजारणीला सांगितलं असतं तर तिनं खिडकीतूनच उडी मारली असती. खरं तर टाचणीच्या टोकाहून लहान जीव, माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. पिकाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालतात, त्यातली अळी पिल्लाला आतून खाते आणि पांढऱ्या पिल्लाचा काळा ठिपका होतो. टोमॅटोच्या पानामागे जितके काळे ठिपके, तितकं आपलं यश. शेंबड्या पोरालाही कळेल. पण हॉलंडमधल्या या वेस्टलँडच्या बागायतदारांना हे पटवायला कंपनीला माझ्यासारखी शिकलेली बाई पाठवावी लागते, यातच सगळं आलं.

घरमालक बुकस्टाइन. पन्नाशीचा, मान नावाचा अवयव देवानं दिलेला नाही. बागायतदार संघाचा उपाध्यक्ष आणि चर्चमधला पंच. संघानं हा प्रयोग त्याच्याच काचघरात करायचं ठरवलं, तेव्हा चारचौघांत त्याला नाही म्हणवलं नाही. खोक्यात डोकावून म्हणाला, एवढीशी चिलटं? माझ्या एका शिंकेत खलास. मी म्हटलं, मग शिंकताना तोंड फिरवा. त्याची बायको यान्ना हसली नाही. ती कधी हसत असेल असं वाटतही नाही. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळालं आणि डब्याचं झाकण लगेच बंद झालं. मला माळ्यावरची खोली दिलीय. खोली मात्र छान आहे. खिडकीतून अख्खं काचघर दिसतं.

गुरुवार, ५ एप्रिल

दोन दिवस ओळीओळीतून गांधीलमाश्यांच्या कोषांच्या पट्ट्या टांगल्या. बुकस्टाइन मागे हात बांधून बघत होता. मला मास्तरीणबाई म्हणतो. त्याच्या बापानं फवारा मारला, आजोबानं धूर केला, आणि आता म्हणे आम्ही माश्यांना माश्या चारायच्या. मी सांगितलं की तुमच्या फवाऱ्याला पांढऱ्या माश्या आता सरावल्यात, तुमच्यापेक्षा त्या लवकर शिकतात. कॉलेजात फवारणीच्या तासांना मी मुद्दाम दांडी मारायचे. ते शास्त्र नव्हे, खाटीककाम.

घरात एक गंमत आहे. शनिवारी संध्याकाळी काचघराला कुलूप लागतं ते सोमवारी सकाळी उघडतं. देवाचा दिवस, झाडांनाही सुट्टी! मी म्हटलं, पांढरी माशी चर्चला जात नाही. त्यावर तो म्हणाला, बाई, रविवारी तिथं पाऊल टाकायचं नाही. धमकावल्यासारखं म्हणाला. धर्म माणसाला किती मठ्ठ करतो!

रविवार, ८ एप्रिल

दोघं काळे कपडे घालून चर्चला गेली. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला होती. गेले, मोजणी केली, दोन तास बसले. उडत्या माश्या निम्म्यावर आल्यात! आत लसणासारखा वास होता. या घरात लसूण? इथं मिरपूडसुद्धा पाप. गटार तुंबलं असणार.

डोळे चुरचुरतायत. फार बारीक बघितलं.

रविवार, १५ एप्रिल

पुन्हा गेले. माशी शोधावी लागते, इतकी कमी! कंपनीला पत्र टाकलं. डोकं मात्र ठणकतंय आणि तोंडाला सारखं पाणी सुटतंय.

यान्नानं ऊन दुधाचा पेला आणून दिला. पी गं पोरी, म्हणाली, गेरिटलाही देत होते मी. गेरिट म्हणजे गेल्या साली इथं कामाला होता तो. दुधानं काय होतं, विचारलं तर पेला हातात देऊन जिना उतरली. खेड्यातल्या बायकांचा सगळ्यावर एकच उपाय, दूध. मी ते कुंडीत ओतलं.

गुरुवार, २६ एप्रिल

आज माझा दिवस! संघाचे अठरा जण काचघर बघायला आले. पानं उलटीसुलटी करून पाहिली, एकाला माशी दिसेल तर शपथ. बुकस्टाइननं छाती फुगवून भाषण केलं. देवाची कृपा, माझी मेहनत आणि आमच्या मास्तरीणबाईंची चिलटं, या क्रमानं. टाळ्या पडल्या. पुढल्या महिन्यात संघाचा अध्यक्ष होणार म्हणतात. होऊ दे. बैलाला झूल घातली म्हणून तो काही घोडा होत नाही.

माळ्यावर येताना जिन्यात दोनदा पाय अडखळला.

रविवार, २९ एप्रिल

आज माश्या नव्हे, काळे ठिपके मोजले. चार आठवडे झाले, पानं काळी दिसायला हवीत.

एकही नाही.

दोनशे पानं पाहिली. मग भिंग घेऊन पट्ट्यांखाली पाहिलं. माझ्या गांधीलमाश्या तिथंच पडल्यात, पाय आवळून, वाळलेल्या. म्हणजे पांढरी माशी त्यांनी मारलीच नाही. मग कोणी मारली?

आरशात पाहिलं तर डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. दिवसाढवळ्या खोली अंधारी दिसते.

मंगळवार, १ मे

यान्नाला विचारलं, गेरिट हल्ली कुठं असतो. ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, गेला तो. घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी. एकोणतीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. त्यालाही आधी दिसायचं कमी झालं होतं.

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, मला वाटून काय करायचंय? मग म्हणाली, आमच्या ह्यांनी मयताला टोमॅटोची पेटी नेली होती. पहिल्या तोडणीतली.

रविवार, ६ मे

काचघरामागच्या खोपटाची कडी उचकटली. धूर सोडायचं यंत्र. शेजारी कवटीचं चित्र असलेले डबे, सात रिकामे. उघडा डबा हुंगला — तोच लसूण.

दर शनिवारी संध्याकाळी सोडतो. सोमवारी झडपा उघडतो. देवाचा दिवस! आणि मी शहाणी दर रविवारी आत जाऊन दोन-दोन तास श्वास घेत बसले.

ओकले. दोनदा.

बुधवार, ९ मे

बुकस्टाइनला तोंडावर सांगितलं. सोमवारी संघाची बैठक आहे, तिथं मेलेल्या गांधीलमाश्यांची बाटली टेबलावर ठेवणार. अध्यक्षपद विसरा. त्या टोमॅटोवर तोडणीच्या आठवड्यातही विष होतं, लिलावात ते कोणी शिवणार नाही.

ओरडेल वाटलं होतं. त्यानं शांतपणे विचारलं, तुम्ही रविवारी आत जात होतात? मग विचारलं, आणखी कोणाला ठाऊक आहे, बाई?

मी म्हटलं, या गावात आणखी कोणाला तेवढी अक्कल आहे?

त्यानं मान हलवली. माझ्यासाठी दार उघडून धरलं. आजवर कधी धरलं नव्हतं.

शुक्रवार, ११ मे

पाय उसने आणल्यासारखे. दंडाचं मांस आपोआप उडतं. कंपनीला फोन करायचा तर फोन त्याच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. घरी जावं का? आणि त्या रेड्याला जिंकू द्यायचं? नुसती बाटली दाखवली तर म्हणेल, हिची चिलटं थंडीनं मेली. फोटो हवा. उद्या संध्याकाळी कॅमेरा घेऊन काचघरात लपते. तो यंत्र लावताना टिपायचा, मागच्या दारानं बाहेर पडायचं. दोन मिनिटांचं काम.

शनिवार, १२ मे, संध्याकाळी सहा

मधल्या ओळीत बसलेय. मोजणीची वहीच आहे, त्यातच लिहितेय. तो आला. पुढच्या दाराच्या झडपेतून यंत्राचं तोंड आत घातलं. फोटो काढला. निघते.

मागचं दार उघडत नाही. बाहेरून फळी ठोकलीय. नवीन फळी, खिळे चकाकतायत. त्याला माहीत होतं —

यंत्र सुरू झालं. मोटारसायकलसारखं. हाक मारली. त्यानं काचेतून पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. टोपी नीट केली.

पांढरं येतंय. जमिनीलगत, ओळीओळीतून. काच फोडायला खुरपं उचललं, बोटांत राहिना. पाय — बसले. उठता येत नाही.

यंत्र थांबलं. यान्नाचा आवाज! विचारतेय, पोरगी कुठाय. तो म्हणतो, सायकलवर स्टेशनला गेली. ती म्हणते, अहो, आपली सायकल तर इथंच आहे.

हाक मारतेय. तोंडातून फेसच —

काचेला तिचा चेहरा टेकलाय, हात डोळ्यांवर आडवा धरून आत बघतेय. दिसले तिला. नक्की दिसले. यान्ना —

ती म्हणते, बरं. उरकून या लवकर. सूप गार होतंय.

पावलं गेली तिची. यंत्र पुन्हा

कोणीतरी सांगा त्यांना मी इथं