निळी घसरगुंडी

सांगली, रविवार, ५ मे १९९६

वॉटरपार्कला जायची टूम माझीच. तिथल्या पत्रकातलं त्या निळ्या घसरगुंडीचं चित्र महिनाभर उशीखाली ठेवलंय. साडी नेसून पाण्यात सोडत नाहीत, म्हणून गुपचूप पंजाबी ड्रेस शिवला. माहेरी वाईला पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली मी!

आज सासूबाईंनी ड्रेस पाहिला. "सुनेनं असलं घालून भिजायचं? शोभाला दे. तू थांब की सामानापाशी, कुणीतरी हवंच."

ह्यांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही.

शोभाला, म्हणजे नणंदेला, ड्रेस सैल झाला. मीच मशीनवर बसले, दोन्ही बाजूंनी आत घेतला. नाही म्हणायला काय झालं होतं मला? निळी घसरगुंडी डोळ्यांपुढे होतीच. तरी उरलेलं कापडही मीच कापून टाकलं. आता उसवला तरी तो मला व्हायचा नाही.