हातभर अंतरावरची कुजबुज

९ जानेवारी

एकोणीस मुलं तपासली. अकरा मुलं रडली, पाच आया रडल्या. नेहमीचं प्रमाण.

दीड वर्षाच्या एकाने सहा ठोकळ्यांचा मनोरा रचला. आई म्हणाली, "महिनाभर रोज करून घेतेय." म्हटलं, बाई, ही विकासाची तपासणी आहे, परीक्षा नव्हे. ठोकळे काढून घेतले आणि वाटी-चमचा दिला. तो वाटीवर बसला.

शेवटी शिलाईवाली. मुलगी आठ महिन्यांची. एकाच तक्रारीची तिसरी खेप – "सिस्टर, घरी हाक मारली तर वळत नाही." पुन्हा तपासलं. आमची दुसरी नर्स – मी तिला धाकटी म्हणते – समोर बसून फडकं हलवते आणि थांबते. तेवढ्यात मी बाळाच्या मागे, हातभर अंतरावर, कानाच्या रेषेत कुजबुजते. मुलगी डावीकडे वळली. उजवीकडेही. कार्डावर लिहिलं – श्रवण योग्य.

"मग घरी का वळत नाही?"

"घरी तुम्ही आई असता. आयांचं कोण ऐकतं?"

ती हसली नाही.

१२ जानेवारी

हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. आज तिघांना सांगावं लागलं. हे म्हणतात, आपल्यामुळे शेजाऱ्यांना टीव्ही घ्यायची गरज उरली नाही. यांना विनोद सुचतात, कामं सुचत नाहीत.

१६ जानेवारी

आज एका मुलाच्या मागे बसून कुजबुजले, "बाळा, इकडे बघ." बाळ वळलं. दारही उघडलं. बाहेरच्या बाकावरचे आजोबा काठी टेकत आत आले.

"मला बोलावलंत?"

"नाही आजोबा. बाळाला."

"असं होय. इकडे बघ म्हणालात, म्हणून आलो."

दार बंद होतं. बाक सात पावलांवर आहे. नंतर मोजली.

धाकटीला विचारलं, मी मोठ्याने बोलते का? ती घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालू लागली. खरं सांग म्हटल्यावर बोलली –

"तुमची कुजबुज बाहेर ऐकू जाते, सिस्टर. मी आले तेव्हापासून. दोन वर्षं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मला वाटलं, पद्धतच तशी असेल."

तिचं काय चुकलं? शिकवणारी मी. कुजबुजीला माप नसतं. कुजबुजणाऱ्याचा कान हेच माप.

१७ जानेवारी

कानाच्या डॉक्टरकडे गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, मुद्दाम. दोन्ही कान उतरलेत, बारीक आवाज तर जवळजवळ गेलेलेच. म्हणाला, "हे इतकं हळूहळू होतं, की माणसाला कळत नाही." म्हटलं, माझ्या नवऱ्याला कळलं होतं.

१९ जानेवारी

जूनमध्ये निवृत्ती. धाकटीला मागे बसवायचं, आपण फडकं हलवायचं – कुणाला काही कळणार नाही. हा विचार मी दोन दिवस केला. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकबूल करता येणार नाही.

आज शिलाईवालीला बोलावून घेतलं. मी पुढे, धाकटी मागे. धाकटी कुजबुजली. मुलगी माझ्या हातातलं फडकं बघत बसली. पुन्हा केलं. तेच.

मी फडकं खाली ठेवलं. म्हटलं, "चूक माझी. माझा आवाज मोठा होता. हिला मोठ्या रुग्णालयात पाठवतेय."

"म्हणजे मी वेडी नव्हते."

"नाही."

"सासूबाई म्हणत होत्या, सिस्टर तीनदा सांगते तरी हिचं आपलं तेच."

मुलीचं टोपडं बांधताना तिला गाठ जमेना. शिवणकाम करणारी बाई. मी बांधून दिली.

२० जानेवारी

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "त्या मुलीला पाठवलंय ना? झालं तर. बोभाटा कशाला? मानाने निरोप घ्या."

मी दोन वर्षांत कान तपासलेल्या मुलांची कार्डं टेबलावर ठेवली. एकशे बेचाळीस. या सगळ्यांना नीट ऐकू येतं असं लिहून सही मी केलीय. पुन्हा तपासायची.

"एवढ्यांना सांगणार काय?"

"जे झालं ते."

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बोलल्या असतील तर मला ऐकू आलं नाही.

२ फेब्रुवारी

फोन धाकटी करते. मी शेजारी बसून कार्डांवर खुणा करते; पलीकडचं ती मला मोठ्याने सांगते. एक बाप म्हणाला, "मग इतके दिवस तुम्ही काय ऐकत होता?" प्रश्न रास्त होता. एक आजी म्हणाली, "आमच्याला बिस्किटाचा कागद वाजलेला पलीकडच्या खोलीत कळतो." तरी आणा, म्हटलं. एका आईने फोन ठेवून दिला. तिच्या घरी उद्या मी जाते.

१८ फेब्रुवारी

कानात यंत्र बसवलं. हे चहा पिताना आवाज करतात. हे नवीन नसावं.

२४ फेब्रुवारी

एकशे एकतीस मुलं येऊन गेली. जी आता मोठी झालीत त्यांच्यापुढे बाहुली, चेंडू, चमचा मांडायचा आणि धाकटीने तोंडापुढे कार्ड धरून हळू आवाजात मागायचं. बहुतेकांनी दिलं. एकाने चेंडू तिच्या नाकावर मारला – ऐकू येतंय, असं लिहिलं. नऊ मुलं नुसती बघत राहिली. त्यांना रुग्णालयात पाठवलं.

निघताना आया माझ्याशी बोलत नाहीत. धाकटीशी बोलतात. ठीक आहे.

३ मार्च

रुग्णालयाचे अहवाल आले. शिलाईवालीच्या मुलीला उत्तम ऐकू येतं. दिवसभर मशीनच्या खडखडाटात असते, हळू आवाजाकडे लक्ष देत नाही, एवढंच. बाकी नवांपैकी दोघांना खरंच कमी ऐकू येतं. त्यांच्या आयांनी कधीच तक्रार केली नव्हती. एकाच्या कार्डावर माझ्या अक्षरात आहे – हाकेला चटकन वळतो.