हसनच्या काकांचा इस्तिराहा

बुध., १२ डिसें. २०१२, कतीफ
दुपारी पोचलो. खजुरीच्या बागेत बैठं घर, भोवती उंच भिंत, लोखंडी गेट. असल्या सुट्टीच्या घराला इथे इस्तिराहा म्हणतात. भाड्याने घ्यायचं, आपलं आपण शिजवून खायचं. आम्हाला फुकट मिळालंय, घर हसनच्या काकांचं. हसन म्हणजे अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये माझ्या नवऱ्याच्या, सलीमच्या हाताखाली तयार झालेला सौदी पोरगा. सरांना भेट म्हणे.
आमच्या झोयाने दहावीची पुस्तकं आणलीत. मी मसाला, तांदूळ, नारळ सगळं आणलं, मीठ विसरले. सलीम आणायला गेला तो बऱ्याच वेळाने आला. दुकान तर गेटमधून दिसतंय. फोनवर होतो म्हणाला. कुणाशी, ते नाही.

गुरु., १३
सकाळी हसनची बायको झैनब गरम खुब्ज, इथल्या रोट्या, घेऊन आली. शाळेत शिकवते, इंग्रजी छान. मी ओट्याशी कोळंबी सोलत होते. म्हणाली, तुम्ही जाणार म्हणून हसनला फार वाईट वाटतंय. सरांची जागा त्याला मिळाली, पण जेवण जात नाही त्याला.
मी म्हटलं, हो ना. हात चालू ठेवले. मला ठाऊक नव्हतं हे तिला कळू द्यायचं नव्हतं.
ती गेल्यावर कोळंबी धुतली. परत धुतली.
खिडकीतून दिसत होतं, सलीम झोयाशी बॅडमिंटन खेळतोय. हसतोय.
जेवताना विचारलं, प्लांटवर काय चाललंय?
"चाललंय."
वाटलं आता सांगेल, मग सांगेल. भात वाढत राहिले.

शुक्र., १४
जुम्म्याच्या नमाजाहून आला तशी विचारलंच. झोया आंघोळीला गेली होती.
"तुमची जागा हसनला दिली?"
"कोणी सांगितलं?"
"झैनबने. तुम्ही नाही."
टोपी हातात घेऊन बसला. मग थोडं थोडं बाहेर आलं. कंपनीला सौदी माणसं वाढवायची आहेत. इकामा, इथे राहायचा परवाना, फेब्रुवारीत संपतो, पुढे करणार नाहीत. त्याच्याबरोबर आम्हा दोघींचाही. आणि झोयाची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये.
"काहीतरी मार्ग काढतो आणि मग सांगतो, असं ठरवलं होतं मी."
निघून जावंसं वाटलं. जाणार कुठे, आणि कशी? बाईला इथे गाडी चालवायची मुभा नाही. भिंतीच्या आतल्या आत फिरत राहिले.
झोया ओल्या केसांनी मागे आली. "अम्मी, मुझे पता है. अब्बा को फोन पे सुना था. आय डिडंट वॉन्ट यू टु वरी."
म्हणजे घरात ठाऊक नसलेली मीच एकटी.

शनि., १५
आज निघायचं. हसन चावी घ्यायला आला. सलीमसमोर बसला, मान खाली. बोलणं सगळं इंग्रजीत.
"सर, मी मॅनेजरला लिहून देतो. माझं ट्रेनिंग पुरं झालं नाही, एप्रिलपर्यंत सर हवेत."
सलीम म्हणाला, "तुझं ट्रेनिंग पुरं झालंय. मी केलंय. माझ्या कामाबद्दल खोटं लिहायचं नाही."
"झोयासाठी, सर."
"तुला कच्चा समजून उद्या दुसऱ्याला बसवतील त्या खुर्चीवर. तुझं लेकरू लहान आहे."
मी दारात होते. सलीमच्या कामाच्या गोष्टीत लग्नापासून कधी तोंड घातलं नाही. आज घातलं. "लिही हसन. मी सांगते, लिही."
सलीमने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी अनोळखी बाई आत आल्यासारखं. उठला आणि सामान गाडीत भरायला गेला.
हसन त्याच्या पाठीकडे बघत होता, मग माझ्याकडे. चहा घेईन म्हणाला फक्त.
चहा उकळेपर्यंत एवढं लिहून घेतलं. बाहेर डिकी लागल्याचा आवाज आला. सलीम आत येत नाही. हसन बसूनच आहे.