मंत्र्यांच्या अनौपचारिक गप्पा

पालघर, गुरुवार, नोव्हेंबर १९६४

मंत्री रविवारी आमच्या इतिहास मंडळात येणार, हे आज मामलेदारांनी पक्कं सांगितलं. मंत्र्यांचं तिसरं पत्रही आलं. भाषण नको, निबंध नको, खुर्चीत बसून नुसत्या अनौपचारिक गप्पा. त्यासाठी थोडी गमतीदार स्थानिक माहिती मात्र आधी पाठवा.

निबंध वाचल्याशिवाय मंडळात कुणाला तोंड उघडू देत नाही आम्ही. वाचला की त्याची सालं काढतो. मंत्र्यांना सगळं माफ.

या रविवारी नवापूरच्या मास्तरांचा निबंध होता, कोळ्यांच्या जुन्या चालीरीतींवर. वर्षभर खपले बिचारे. संध्याकाळी बोलावून सांगितलं, रद्द.

"मग पुढच्या महिन्यात?"

अध्यक्ष हसले. "आता कशाला, मास्तर? तुमचं सगळं मंत्रीच बोलतील. भाग्य समजा!"

"माजं नाव तरी घेतील?"

"अनौपचारिक गप्पांत नावं कसली?"

मास्तर म्हणाले, बाबा मुद्दाम ऐकायला येणार आहेत. अध्यक्षांनी निबंध माझ्याकडे, चिटणीसाकडे, सरकवला. नव्या होडीला हळद लावतात वगैरे, हसण्याजोगं तेवढं मी निबंधातून उचललं आणि मंत्र्यांसाठी पान तयार केलं. सवयीचं काम. हात कुठे अडला नाही. अडायला हवा होता का?

रविवारी मंत्री ते रंगवून सांगतील, सभा हसेल, आणि मास्तरांचा बाप लेकाला कोपराने ढोसून म्हणेल, "मंत्र्याला आपलं सगलं ठावं हाय रे. तू नाय बोललास तेच बरं जालं."