म्हाताऱ्याला टोचलेलं घोड्याचं औषध

उलकान, तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला घोड्याचं औषध दिलं, हे आधी लिहिते, मग नमस्कार-चमत्काराचं बघू. गुरांचा डॉक्टर झाला म्हणून समोर दोन पायांवर कोण उभं आहे ते बघायचंच नाही का? अगं, बाटलीवर घोड्याचं चित्र आहे! मी चार इयत्ता शिकले (त्यातल्या दोन कोकरांच्या मागे गेल्या), पण चित्र मला कळतं.

आता खुशाली. तुझ्या घोड्या, शिंगरं, मेंढ्या, तो मारका याक आणि दारातला कुत्रा, सगळे धडधाकट असोत. मुलंबाळंही असोत. तुझे गुडघे कसे आहेत? जुमादिलची चौकशी मी मुद्दाम करत नाही, हे त्याला वाचून दाखव. फोन करता आला असता, पण फोन आमच्या म्हाताऱ्याच्या खिशात असतो आणि तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असाच लावतो, म्हणून तुमच्या अत-बाशीच्या गाडीवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे. (म्हाताऱ्याचं नाव लिहीत नाही. आपल्या रीतीप्रमाणे चव्वेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. बाकी काय काय काढलं ते शेजाऱ्यांना विचार.)

सहा वर्षांपूर्वीचा करकिऱ्याच्या कुरणावरचा तो दिवस तू विसरली नसशील. आमचा मुलगा एरमेक त्याच वर्षी मॉस्कोला टॅक्सी चालवायला गेला, त्यामुळे तंबू उभारताना तुंदुक उचलायची पाळी म्हाताऱ्यावर आली. आमच्या तंबूच्या माथ्याचं ते चक्र म्हणजे काही चाळण नव्हे, माझ्या आजेसासऱ्यांनी स्वतः लाकूड वाकवून केलेलं, चाळीस किलोचं धूड. घरच्या कर्त्या पुरुषाने ते बेचक्याच्या वाशावर तोलून वर धरायचं, तोवर बाकीच्यांनी भोवतीच्या काठ्या बसवायच्या. याला ते पेललं नाही, चक्र धाडकन चहाच्या सामोवारवर पडलं, एक आरा तडकला. आणि तुझा जुमादिल सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, तुम्ही आता बसा." एवढंच. मग त्याने ते पातेल्यावरच्या झाकणासारखं उचललं. म्हातारा बसला. दुसऱ्या दिवशी उठला आणि तंबू उतरवून घरी घेऊन आला. तेव्हापासून चक्र शेडच्या भिंतीला टांगलंय, तंबूच्या लोकरी नमद्यांत कोंबड्या अंडी घालतात आणि तू नि मी एका वाडग्यातून घोडीच्या दुधाचा किमिझ प्यायलेलो नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर म्हातारा इस्मार दुंगानच्या तळघरात लोखंड उचलायला जाऊ लागला. तिथे असले चार म्हातारे आहेत, चौघांचे मिळून दात एका तोंडात मावतील. आरशापुढे दंड फुगवतात आणि एकमेकांना "वा पहिलवान" म्हणतात. दोन महिने झाले तरी दंडावर काही उगवेना, तेव्हा हा नालांचं निमित्त काढून तुमच्याकडे आला आणि टोचायच्या सुईसकट बाटली घेऊन परतला. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने मागितलं तर नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती रीत मेंढी मागितली तर पाळायची असते!

पुढचं ऐक. औषध घोड्याचं, तेव्हा पथ्यही घोड्याचंच, असं याने ठरवलं. सासरे शर्यतीचे घोडे तयार करायचे ना, ते सगळं याच्या डोक्यात होतंच. इस्मार बिचारा सांगत होता, लोखंड उचलल्यावर एक दिवस विश्रांती, पोटभर मांस, भरपूर झोप. हा म्हणे, त्याला काय कळतं, त्याने आयुष्यात खेचरसुद्धा तयार केलेलं नाही. रोज सकाळी अंगाभोवती नमदा गुंडाळून, कमरेला पट्टा बांधून गल्लीत फेऱ्या, आणि पट्टा माझ्या हातात. घाम फुटला की लाकडी पट्टीने तो निपटून काढायचा, आणि मला सांगायचा, "चाखून बघ, खारट आहे अजून?" घोड्याच्या घामाचा खारटपणा गेला की घोडा तयार, तसं. (मी चाखला नाही. चाखला म्हणून सांगितलं.) रात्री जेवायला मूठभर सातू. शेजारची गुलसून कुंपणावरून म्हणाली, "बातमा आजी, विकायला काढलाय का?" मी म्हटलं, "नेणारी असशील तर पट्टा फुकट."

आणि बघ, औषध लागू पडलं! हेच तर दुखणं आहे. वसंत यायच्या आत पिठाचं पोतं एका काखेत मारून आणायला लागला. इस्मारच्या बाकड्यावर उताणा पडून ऐंशी किलो वर ढकलायचा. मागे धूळ आहे का बघायला म्हणून भट्टी सरकवली. एकदा सकाळी मी रस्सा ढवळत होते तर मला डावासकट उचललं, एकोणीस वर्षांची असताना करकिऱ्यावर त्या लाल घोड्यावर बसवलं होतं ना, अगदी तसं. मी डाव हाणला तेव्हा खाली ठेवलं. (इतक्या लगेच हाणायला नको होता.)

मग एकेक निघालं. तोंड बीटासारखं लाल. किटली उशिरा उकळली म्हणून तिला शिव्या. सदुसष्टाव्या वर्षी पाठीवर तारुण्यपिटिका. छाती अशी फुगली की माझं जुनं पोलकं त्याला बसलं असतं. मार्चमध्ये तळघराच्या पायरीवर बसकण मारली, नाकातून रक्त. दवाखान्यातली डॉक्टरीण नातीच्या वयाची, पण तिने त्याला चांगला झापला. म्हणाली, आजोबा, बाहेरून फुकट ताकद मिळते म्हटल्यावर तुमच्या शरीराने स्वतःची बनवायचं सोडून दिलंय. रक्तदाब बघा, हृदय बघा. औषध आजपासून बंद. शरीराला पुन्हा सवय लागायला कित्येक महिने जातील, आणि कमावलंय त्यातलं बरंचसं उतरेल. मी घरी येऊन बाटली संडासाच्या खड्ड्यात टाकली. आता तिथून काय उठून बाहेर येतं ते बघायचं.

उतरलंच. बाह्या पुन्हा सैल झाल्या. आता तो शेडच्या दारात बसून त्या चक्राकडे बघतो. ओरडत नाही, मला घामाची चव विचारत नाही. घरात इतकी शांतता आहे की मलाच किटलीला शिव्या द्याव्या लागतात. करकिऱ्याच्या रस्त्यावरचं बर्फ गेलं, लोकांच्या ट्रकांवर तंबू चढायला लागले. मला कशाची आठवण येत नाही, तुला माहीत आहे माझा स्वभाव. फक्त सकाळी उठल्यावर वर बघते तर सपाट छत. तुंदुकमधून दिसायचा तेवढा गोल आभाळाचा तुकडा आणि धुरातून येणारं ऊन, आणि बाहेर तू घोडीला दरडावत दूध काढते आहेस. बस, एवढंच.

तुझी थोरली बहीण,
बातमा

ता. क. आजारानंतर म्हातारा इस्मारकडे एकटा जायला लाजतो, डॉक्टरीण मात्र म्हणते, हलकं वजन उचला, आता तेच औषध. म्हणून मी विणकाम घेऊन सोबत बसते. इस्मार म्हणाला, आजी, रिकामी बसलीच आहेस तर ही सळई धर. आता मी पंचवीस किलो उचलते, बाटलीबिटली काही नाही, चहा आणि पाव. हे कुणाला सांगू नकोस.

आणखी एक. परवा दुपारी तो झोपला असताना मी शेडमध्ये जाऊन तुंदुक वाशावर घेतला. छातीपर्यंत आला, पुढे नाही. दुसऱ्या दिवशी मी झोपेचं सोंग घेतलं तर तो गेला. फटीतून बघितलं. खांद्यापर्यंत आला, पुढे नाही. मग त्याने फडक्याने चक्र पुसलं आणि परत टांगलं. आपल्यात बाईने वाशाला हात लावायचा नसतो. म्हणजे माणूस एकच उरतो, ज्याने त्याला "बसा" म्हटलं तो.

शेवटचं. तेव्हा या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. जुमादिलने द्यायचं, आणि मला नाही, म्हाताऱ्याला. तुझ्याकडून लिहवून घ्यायचं नाही, स्वतःच्या त्या कोंबडीच्या अक्षरात लिहायचं: दाजी, जूनमध्ये करकिऱ्यावर येतो आहोत, माझा खांदा दुखावलाय, तुंदुक एकट्याला पेलणार नाही, वाशाला तुमचा हात लागेल. खांदा दुखत नसेल तर यायच्या आत दुखवून घे म्हणावं.